रस्त्यावरची भित्तिचित्रे : ठाणे व नवी मुंबई

रस्त्यालगतच्या भिंती, उड्डाणपुलांचे खांब, भुयारी मार्ग, डोंगरउताराच्या आधारभिंती आणि सोसायट्यांची कुंपणे यांवर रंगवलेली, जाणाऱ्या-येणाऱ्या कोणालाही पाहता येणारी चित्रे. परवानगीवाचून उमटवलेली अक्षरे आणि स्टेन्सिल यांत येतात, तशीच महापालिकेने किंवा मालकाने करवून घेतलेली मोठी चित्रेही येतात. ठाणे-नवी मुंबईत दुसरा प्रकार जास्त दिसतो. त्यामुळे इथल्या स्वतंत्र चित्रकाराला किती मोकळीक मिळणार हे ब्रश हातात घेण्याआधीच, अर्जात आणि करारात, बरेचसे ठरलेले असते.

मुंबईत २००९ मध्ये सेनापती बापट मार्गाची (तुळशी पाइप रोडची) लांबलचक भिंत हौशी आणि व्यावसायिक अशा सगळ्यांना खुली झाली. २०१४ मध्ये वांद्र्याच्या एमटीएनएल इमारतीवर दादासाहेब फाळक्यांचे प्रचंड चित्र उभे राहिले आणि २०१७ मध्ये ससून डॉकमध्ये भित्तिकलेचा मोठा उपक्रम झाला. ठाणे-नवी मुंबईत मात्र भिंती रंगल्या त्या मुख्यतः स्वच्छ सर्वेक्षणाच्या, म्हणजे शहरांच्या स्वच्छता-स्पर्धेच्या निमित्ताने. विषय अर्थातच ठरावीक निघाले. २०१५ मध्ये ठाणे खाडी रोहित (फ्लेमिंगो) अभयारण्य जाहीर झाले, २०२२ मध्ये त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला, आणि पाम बीच मार्गापासून भुयारी मार्गांपर्यंत रोहित पक्षी जागोजागी उतरला. दुसरा हुकमी विषय वारली. वारलींचा पालघर भाग १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता, त्यामुळे ही कला इथे परकी नाही. पण बहुतेक भिंतींवर तारपा नाचाचे तेच वर्तुळ पुन्हा पुन्हा गिरवले जाते, आणि पुष्कळदा वारली पाड्याशी काहीही संबंध नसलेल्या हातांनी. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी लग्नाच्या चौकापलीकडे (लग्नात भिंतीवर काढायच्या पारंपरिक चित्रापलीकडे) स्वतःचे विषय शोधले; त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. ही वाट पुढे नेणारे चित्रकार डहाणू-जव्हार पट्ट्यात आहेत. वारली भिंत हवी असेल तर त्यांनाच बोलवावे, आणि नक्षी ठरवण्याचा अधिकारही त्यांनाच द्यावा.

काम चौरस फुटाच्या दराने दिले की असे साचे वाढतात. निविदा रंगकामाच्या ठेकेदाराला मिळते, तो चित्रकाराला पोटठेका देतो, आणि मग ज्याचा हात भरभर चालतो त्याचे भागते. संकल्पचित्राचे पैसे वेगळे आणि आगाऊ ठरवले तर चित्रकाराला विचार करायला सवड मिळते.

परवानगी घेण्याआधी भिंत कोणाची हे शोधावे लागते. ऐरोली ते बेलापूर नवी मुंबई महापालिका, खारघर-कामोठे पनवेल महापालिका, शिवाय सिडको, रेल्वे, एमआयडीसी आणि महामार्गांच्या यंत्रणा आहेतच. पुलाचा खांब एकाचा आणि खालचा पदपथ दुसऱ्याचा असेही होते. सोसायटीच्या कुंपणाला कार्यकारिणीचा लेखी ठराव घ्यावा, आणि बाजू रस्त्याकडे असेल तर महापालिकेलाही लेखी विचारावे. महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंध अधिनियम, १९९५ खाली परवानगीवाचून रंगवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पोलिसांनी रात्री हटकले तर तोंडी होकाराचा काही उपयोग होत नाही.

करारात हमखास राहून जाणारा भाग हक्कांचा. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन करवून घेतलेल्या चित्राचा पहिला मालक, उलट काही ठरले नसेल तर, करवून घेणाराच असतो. म्हणून ‘कॉपीराइट चित्रकाराकडे राहील’ हे वाक्य लिहून घ्यावे. कॉपीराइट गेला तरी कलम ५७ चा नैतिक हक्क, म्हणजे नाव लागण्याचा आणि कामाची मोडतोड न होण्याचा, चित्रकाराकडेच राहतो. विज्ञान भवनातून १९७९ मध्ये काढलेल्या भित्तिशिल्पाबद्दल शिल्पकार अमरनाथ सहगल न्यायालयात गेले, आणि २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे अवशेष परत करण्याचा व पाच लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. सार्वजनिक जागेतल्या शिल्पाचे छायाचित्र घ्यायला कलम ५२ सूट देते, पण भिंतीवरचे रंगचित्र त्या सुटीत बसत नाही. जाहिरातीत ते वापरायचे तर परवानगी लागतेच. चित्र किती वर्षे ठेवणार, पुसण्याआधी किती दिवस कळवणार, दुरुस्तीच्या किती फेऱ्या, परांची आणि पाणी कोण देणार, हेही कागदावर यावे.

भिंतीचे काम मुख्यतः तयारीचे आहे. दिवाळीनंतर मेच्या मध्यापर्यंतचा काळ धरावा. पावसाने भिजलेली भिंत ऑक्टोबरात वरून कोरडी दिसली तरी आत ओल असते. ती तपासायला भिंतीवर दीड फुटी प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवावा. सकाळी आतून थेंब दिसले तर थांबावे. नवे प्लास्टर किमान २८ दिवस मुरू द्यावे, नाहीतर त्यातला अल्कली रंग खातो. जुनी भिंत पत्र्याने खरवडून, तारेच्या ब्रशने घासून धुवावी. शेवाळावर नुसते पाणी मारले तर पुढच्या पावसात ते रंगातून वर येते, म्हणून शेवाळनाशक द्रावण लावून दिवसभर ठेवावे. खाडीलगत भिंतीला लोणा, म्हणजे क्षारांची पांढरी पूड, फुटतो. तो आधी कोरडाच झाडून काढावा, कारण धुतल्याने क्षार पुन्हा आत जातात. पारसिक टेकडीसारख्या ठिकाणच्या आधारभिंतींतली पाणी जाण्याची भोके कधीही बुजवू नयेत. अडलेले पाणी रंगामागून वाट काढते आणि पोपडे सुटतात. ती भोके आराखड्यातच सामावून घ्यावीत.

१० × ४० फुटांच्या भिंतीला बाहेरच्या प्रायमरचा एक हात द्यायला सुमारे ४ लिटर आणि एक्स्टीरियर इमल्शनचे दोन हात द्यायला सुमारे ८ लिटर लागतात. खडबडीत प्लास्टर असेल तर चतुर्थांश जास्त धरावे. घरातली पुट्टी बाहेर वापरू नये. पांढऱ्या बेसमध्ये स्टेनर (रंगछटेचे दाट द्रावण) ओतून गडद रंग करण्याचा मोह टाळावा, कारण जास्त स्टेनरने थर कच्चा राहतो आणि हात लावला तर रंग उतरतो. गडद छटा दुकानातून मशीनवर बनवून घ्यावी आणि तिचा क्रमांक लिहून ठेवावा. पश्चिमेकडच्या भिंतीवर भडक पिवळा व गुलाबी लवकर विटतात, त्यामुळे तिथे रोहितासाठी ऑक्साइडच्या मातकट छटा बऱ्या. तापलेल्या भिंतीवर इमल्शन ब्रशखालीच सुकते आणि जोड दिसतात. सकाळी दहाच्या आत किंवा चारनंतर रंगवावे.

रेखाटन मोठे करण्यासाठी एक फुटी चौकटी पाडतात. निळीत बुडवलेली दोरी ताणून फटकारली की रेघ सरळ येते. गोल खांबावर समोरून जेमतेम तिसरा भागच नीट दिसतो, म्हणून चेहरा वळणावर घेऊ नये. हार्डवेअरच्या दुकानातला स्प्रे धातूसाठी असतो. चित्रासाठीचा ४०० मिलीचा डबा दोन मिनिटे हलवून १० ते २५ सेंटीमीटरवरून मारावा. जवळून मारला तर ओघळतो, लांबून मारला तर धूळ बसल्यासारखा दिसतो. वापरून झाल्यावर डबा उलटा धरून टोपी मोकळी करावी आणि मास्क रंगाची बाष्पे गाळणारा वापरावा, कापडी चालत नाही. परांचीवर सहा फुटांपेक्षा वर गेले की सुरक्षा पट्टा बांधलाच पाहिजे.

जमिनीलगतचा दोन-अडीच फुटांचा पट्टा पावसाच्या शिंतोड्यांनी आणि पानाच्या पिचकाऱ्यांनी आधी खराब होतो. तिथे तपशील न देता गडद एकरंगी पट्टा ठेवावा, म्हणजे दर हिवाळ्यात तेवढाच रंगवता येतो. वरून तेलकट व्हार्निश मारू नये. ओल आत अडकून ते दुधाळ होते. धुरकट भिंत मऊ ब्रश आणि साध्या पाण्याने वरून खाली धुवावी.