हिरवा स्टिकर

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची रांग लागते. २०१६ साली प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान सुरू झालं, तेव्हापासूनची ही पद्धत. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवीची तपासणी, बाळाचे ठोके. सगळं झालं की कार्डावर स्टिकर लागतो : धोक्याचं काही आढळलं तर लाल, नाही तर हिरवा. हिरवा स्टिकर आणि लोहाच्या गोळ्या घेऊन बाई घरी जाते. आणि दिवस भरले की त्यांतल्या काही जणी दवाखान्याकडे न फिरकता घरातच, सुईणीच्या हातून मोकळ्या होतात.

अशा बाळंतपणापुढे ‘अज्ञान’ किंवा ‘अंधश्रद्धा’ असा शेरा मारणं सोपं आहे. मला तो पटत नाही. जी बाई नऊ महिन्यांत चार वेळा पायपीट करून तपासणीला आली, जिने सुई टोचून घेतली, मळमळत असताना गोळ्या गिळल्या, तिचा दवाखान्यावर विश्वास नाही असं कसं म्हणायचं? तपासणी तिने मानली. उलट जरा जास्तच मानली. ‘सगळं नॉर्मल आहे’ हे सिस्टरचं वाक्य तिने शब्दशः घेतलं. सगळं नीट आहे, तर मग जायचं कशाला?

२००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात घरी बाळंत झालेल्या बायांना कारण विचारलं होतं. दहांतल्या सात जणींचं उत्तर होतं, गरज वाटली नाही. तेव्हा देशातली जेमतेम ३९ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती. २०१९-२१ च्या पाहणीत हा आकडा ८९ टक्क्यांच्या आसपास पोचला, महाराष्ट्रात ९५ च्या घरात. उरलेली बाळंतपणं राज्यभर सारखी विखुरलेली नाहीत. नंदुरबारचे सातपुड्यातले पाडे, मेळघाट, गडचिरोलीचं जंगल, अशा ठिकाणी ती साचून राहिली आहेत.

तेव्हा प्रश्न असा, की ‘गरज वाटली नाही’ या उत्तरात चूक नेमकी कुठे आहे?

गरोदरपणातल्या तपासणीत पुष्कळ काही कळतं. रक्तदाब वाढलाय का, अंगात रक्त कमी आहे का, जुळी आहेत का, बाळ आडवं आहे का. पण बाळंतपणात सर्वांत जास्त बळी घेणारी गोष्ट, म्हणजे बाळ बाहेर आल्यानंतरचा अतिरक्तस्राव, या तपासणीत बहुतेकदा दिसत नाही. कारण सातव्या महिन्यात तो अस्तित्वातच नसतो. तो काही मिनिटांत घडणारा बिघाड आहे.

दिवस भरलेल्या गर्भाशयातून मिनिटाला साधारण ५०० ते ७०० मिलिलिटर रक्त वाहत असतं. बाळ येतं, मग वार सुटते, आणि ती जिथे चिकटलेली होती तिथल्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात. हे रक्त थांबतं ते मुख्यतः गर्भाशयाच्या स्नायूंमुळे. त्यांचे धागे आडवेतिडवे, टोपलीच्या विणीसारखे गुंफलेले असतात आणि रक्तवाहिन्या त्या विणीतूनच गेलेल्या असतात. गर्भाशय आवळलं की वीण घट्ट होते आणि प्रत्येक वाहिनीची तोंडं दाबली जातात. बाळंतिणीच्या पोटावर हात ठेवून सुईण किंवा सिस्टर ‘गोळा घट्ट झाला का’ हे बघते, ते यासाठीच. गोळा सैल राहिला तर रक्त वाहत राहतं, आणि इलाज मिळाला नाही तर दोन तासांत बाई हातची जाऊ शकते. असा रक्तस्राव होणाऱ्या तीन बायांपैकी सुमारे दोघींमध्ये आधी धोक्याचं एकही लक्षण नसतं. म्हणजे त्या हिरव्या स्टिकरवाल्याच.

ही गोष्ट तज्ज्ञांनाही उशिराच उमगली. एके काळी जागतिक आरोग्य संघटनेचाही भर यावरच होता, की गरोदर बायांची चाळण लावायची, अतिजोखमीच्या तेवढ्या वेगळ्या काढायच्या आणि त्यांना दवाखान्यात न्यायचं. चाळणीतून सुटलेल्या बायाही मरतात हे दिसत गेलं, तशी ती कल्पना मागे पडली. १९९७ साली कोलंबोत भरलेल्या सुरक्षित मातृत्वाच्या परिषदेत स्पष्टच मांडलं गेलं, की प्रत्येक गरोदरपणात जोखीम असते. धोरण बदललं. कार्डावरचे रंग मात्र दवाखाना आणि बाई अशा दोन्ही बाजूंनी अजूनही जुन्याच अर्थाने वाचले जातात.

आता घड्याळाकडे वळू. पाळीच्या शेवटच्या तारखेपासून २८० दिवस मोजून डॉक्टर ‘तारीख’ देतात, पण नेमक्या त्या दिवशी जन्मणारी बाळं विसांत एखादंच. बाकीची बहुतेक दोन आठवडे मागेपुढे. बरं, कळा सुरू झाल्या तरी सुरुवातीचा टप्पा फार फसवा असतो. कळा येतात, जातात, तास जातात. खरा जोर धरतो तो गर्भाशयाचं तोंड साधारण पाच सेंटिमीटर उघडल्यानंतर. पहिलटकरणीला तिथून पुढेही बराच वेळ लागतो. तिसऱ्या-चौथ्या खेपेच्या बाईचं अंग मात्र भराभर मोकळं होतं, कधी कधी तर तासा-दोन तासांतच.

समजा, नंदुरबारमधल्या धडगावच्या डोंगरातल्या एखाद्या पाड्यावर रात्री अकराला कळा सुरू झाल्या. या खऱ्या की खोट्या, हे ठरायला पहाट होते. गाडी पाड्यापर्यंत येत नाही, म्हणजे झोळी करून डांबरी रस्त्यापर्यंत न्यायचं. झोळीला चार माणसं लागतात, नवरा कामाला बाहेरगावी. फोनला रेंज मिळावी म्हणून कुणीतरी टेकडी चढायची. एवढं जमेपर्यंत चौथं लेकरू घरात रडतंयही. हिने घरी बाळंत व्हायचं ठरवलं होतं का? कागदावर नोंद तशीच होणार. थॅडियस आणि मेन या अमेरिकेतल्या संशोधकांनी १९९४ मध्ये याची मांडणी ‘तीन उशीर’ अशी केली : निघायचं ठरवण्यातला, पोचण्यातला आणि पोचल्यावर उपचार मिळण्यातला. हे तीन उशीर वेगवेगळे नसतात, हे मात्र ध्यानात घ्यायला हवं. तिसरा उशीर माहीत असतो म्हणूनच पहिला होतो. ‘तिथं गेलो तर पुढं तालुक्याला पाठवतात, तिथून जिल्ह्याला,’ हे शेजारणीच्या बाबतीत घडलेलं बाई विसरत नाही.

पैशाचं कारण आता पूर्वीइतकं मोठं राहिलेलं नाही. २०११ पासून सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, सिझरसुद्धा, मोफत आहे. सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी आणि घरच्या शेळ्या-लेकरांचं काय, हा हिशेब मोफत होत नाही इतकंच.

खरं बोलायचं तर ज्यावर कमी बोललं जातं ती गोष्ट म्हणजे दवाखान्यातली बाळंतपणाची खोली. अरुंद लोखंडी टेबल, पाय वर बांधल्यासारखे, सासू-आई बाहेर, आत अनोळखी माणसं आणि आवाज चढवून दिलेल्या सूचना. घरी ती उकिडवी बसते, दोराला धरते, कुणीतरी पाठ चोळत असतं. हा नुसता सोयीचा मामला नाही. कळा चालतात ऑक्सिटोसिन या संप्रेरकावर, आणि भीतीने अंगात वाढणारं अॅड्रेनालिन त्या कळांना खीळ घालतं. ग्वाटेमालातल्या, १९८० साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात काही पहिलटकरणींजवळ फक्त एक बाई बसवली. ओळखीची नव्हे, पण शेवटपर्यंत हात धरणारी, बोलत राहणारी. ज्यांना गुंतागुंत झाली नाही त्यांच्यात दवाखान्यात दाखल झाल्यापासून बाळंत होईपर्यंतचा वेळ सरासरी ८.८ तास भरला. एकट्या ठेवलेल्यांचा १९.३. पुढच्या मोठ्या अभ्यासांत फरक इतका ठळक दिसला नाही, पण दिशा तीच राहिली. आपल्याकडे सरकारी दवाखान्यात सोबतीण आत घेण्याची मुभा २०१६ मध्ये मिळाली. आमच्या आज्यांना हे कुणी संशोधन करून सांगावं लागलं नसतं, हे वेगळं.

कधी नुसता पत्ताच चुकतो. तपासण्या सासरी झालेल्या, पहिलं बाळंतपण रिवाजाने माहेरी, आणि तिथल्या आशाताईला ही बाई आल्याचा पत्ताच नाही. ऊसतोडीला गेलेल्या बीडच्या बाईचं कार्ड गावच्या पेटीत असतं आणि कळा येतात दोनशे-तीनशे किलोमीटरवरच्या कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत.

आदिवासी भागातल्या आरोग्य केंद्रांच्या आवारात ‘माहेरघर’ उभी राहिली ती यातल्या घड्याळाच्या अडचणीवर उपाय म्हणून. तारखेच्या काही दिवस आधी बाईने तिथे येऊन राहायचं. कल्पना चांगली आहे. पण तारीख दोन आठवडे इकडेतिकडे होत असेल, तर काही दिवसांचा मुक्काम संपवून बाई परत घरी जाते आणि पाचव्या दिवशी घरातच बाळंत होते.

उलट्या दिशेने गेलेल्यांनाही, म्हणजे काळजीच घरापर्यंत नेणाऱ्यांनाही, यश आलंय. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत बायकांनाच नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. बहुतेक बाळंतपणं घरीच होत असताना नवजात बाळांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटल्याचं त्यांनी १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. आईच्या रक्तस्रावासाठी असाच प्रयोग बेळगाव जिल्ह्यात झाला. घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या १,६२० बायांपैकी निम्म्यांना परिचारिकांनी बाळ जन्मल्यावर गर्भाशय आवळणाऱ्या मिसोप्रोस्टॉल या औषधाच्या गोळ्या दिल्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या बिनऔषधी गोळ्या. अतिरक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आला. दवाखान्यात याच कामासाठी दिलं जाणारं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन टोचायला कुणीतरी शिकलेलं लागतं आणि ते २ ते ८ अंशांत, फ्रीजमध्ये ठेवावं लागतं. ही गोळी पिशवीत राहते.