लिदीत काय तरंगतं?

गोव्यात पेडण्यातल्या आगरवाड्याचं मीठ पाण्यात घालून ढवळत राहा. मीठ विरघळेनासं होऊन तळाशी उरू लागलं की ते पाणी घोड्याच्या पोटाची खबर द्यायला तयार झालं. जंतांची अंडी इतक्या खारट पाण्यात वर तरंगतात, लिदीतला चोथा बराचसा खाली राहतो.

ताजी लीद 4 ग्रॅम, हे पाणी 56 मिलिलिटर. घोटून गाळायचं, दोन चौकटी आखलेल्या मॅकमास्टर काचपट्टीत भरायचं, पाच मिनिटं थांबून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचं. स्ट्रॉन्जाइल जंताचं अंडं लांबट, पातळ कवचाचं. आत द्राक्षाच्या घोसासारखा पेशींचा पुंजका. शिंगराच्या लिदीत गोल, जाड तपकिरी कवचाची अंडी दिसली तर ती मोठ्या गोल जंताची. दोन्ही चौकटींतल्या अंड्यांच्या बेरजेला 50 ने गुणलं की एका ग्रॅममधली संख्या मिळते. मोठ्या घोड्यात स्ट्रॉन्जाइलची संख्या 200 च्या आत असली तर कमी, 500 च्या वर गेली तर जास्त. तबेल्यातली साधारण 80 टक्के अंडी 20 टक्के घोडेच टाकत असतात. म्हणून सरसकट सगळ्यांना औषध पाजणं मला पटत नाही. त्यातूनच औषधाला न जुमानणारे जंत वाढतात.

गोव्याच्या उष्म्यात लीद तशीच पडून राहिली तर दिवसभरात अंडी फुटू लागतात आणि मोजणी चुकते. लीद पिशवीत भरून आतली हवा दाबून काढा, पिशवी फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवसाच्या आत तपासायला द्या.

अंडी शून्य आली म्हणजे पोट साफ, असं मात्र धरू नका. लहान स्ट्रॉन्जाइल या प्रकारच्या जंतांच्या अळ्या मोठ्या आतड्याच्या भिंतीत महिनोन्‌महिने दबून बसतात आणि तिथे त्या अंडी घालत नाहीत. त्या एकदम बाहेर पडल्या तर जुलाबांनी घोडा दगावूही शकतो. पट्टकृमीची अंडी लिदीत सापडतीलच असं नाही. त्यासाठी रक्तातली किंवा लाळेतली प्रतिपिंडं तपासतात. घोडा शेपटीचं मूळ भिंतीला घासत असेल तर गुदद्वाराभोवती पारदर्शक चिकटपट्टी दाबून ती काचेवर लावायची. सूतकृमीची मादी अंडी तिथेच चिकटवून जाते.

औषध दिल्यावर 14 दिवसांनी त्याच घोड्याची लीद पुन्हा मोजायला हवी. पहिल्या खेपेला 900 आणि आता 600 अंडी दिसली, तर ते औषध त्या तबेल्यात पुरेसं चालत नाही. पशुवैद्याला दोन्ही आकडे दाखवून दुसरं विचारावं.