शाडू आणि कागदाचा लगदा: एकाला सावली, दुसऱ्याला ऊन

मी कला शिकते, आणि हस्तकलेच्या तासाला मदतीला म्हणून सांगलीतल्या शाळांत जाते. जिथं जावं तिथं एकच गोष्ट दिसते. शाडूचे हत्ती आणि लगद्याचे मुखवटे गच्चीवर एकाच उन्हात वाळत घातलेले. संध्याकाळपर्यंत हत्तींच्या सोंडा तडकतात. मग कुणीतरी सांगतं, ऊन टाळा. पुढच्या वेळी सगळंच वर्गाच्या कोपऱ्यात जातं आणि मुखवट्यांवर बुरशीचे काळे ठिपके उठतात. दोन्ही वेळा बोल मुलांच्या हाताला लावला जातो, याचा मला मनापासून राग येतो. घडवलेलं चांगलंच असतं, बिघडतं ते वाळवताना.

शाडूची माती गणपतीमुळे सगळ्यांना ठाऊक आहे. लगदा म्हणजे रद्दी भिजवून, कुटून त्यात मैद्याची खळ किंवा डिंक घातलेला गोळा. पूर्वी घरोघरी मेथी वाटून घालून त्याच्या टोपल्या करायचे, तोच. वजन, रंग, वास यांतला फरक हातात घेताच कळतो.

खरा घोळ पाण्याचा आहे. मातीचे कण अतिशय बारीक आणि चपटे असतात, त्यांच्या मधल्या फटींत पाणी असतं. ते उडालं की कण जवळ सरकतात आणि वस्तू आकसते, बहुतेक मातींत साधारण 5 ते 10 टक्के. आकसणं टळत नाही, पण ते सगळीकडून सारखं झालं तर काही बिघडत नाही. उन्हात मात्र वरची साल आधी आवळते, गाभा ओलाच राहतो आणि साल फाटते. सोंड, कान, शेपूट ही बारीक अंगं धडाच्या कितीतरी आधी सुकतात, म्हणून तडा नेमका जोडावर जातो. मिरजेकडच्या काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडतात, त्याही अशाच आकसण्यानं. म्हणून माती सावलीत, वाऱ्याचा झोत चुकवून, बारीक अंगांवर ओलं फडकं टाकून सावकाश वाळवायची. हेअर ड्रायर तर नकोच. जाड धड आतून कोरून पोकळ करायचं. जोड ओल्यालाच ओला द्यायचा, दोन्ही बाजू ओरखडून मध्ये पातळ केलेली माती लावून. वाळलेल्या धडाला लावलेला ओला कान गळून पडतो. आत तार घालू नका. माती आकसते, तार आकसत नाही, मग माती तारेवरच फाटते.

लगद्याला हे सगळे नियम उलटे. तोही आकसतो, भरपूर आकसतो, पण कागदाचे तंतू एकमेकांत गुंतलेले असल्यानं ओढ सोसतात. वस्तू वाकडी होईल, सहसा तडकणार नाही. त्याचा शत्रू म्हणजे रेंगाळलेली ओल, कारण कागद आणि खळ दोन्ही बुरशीचं खाद्य. त्याला ऊन द्या, वारा द्या, उलटसुलट करा. पातळ थर लावा, तो खडखडीत वाळला की दुसरा. वाळल्यावर ओला थर इथं छान धरतो. आत तार, बाटली, फुगा, काहीही चालतं. बुरशी लागू नये म्हणून खळीत मोरचूद (कॉपर सल्फेट) घालायची जुनी पद्धत आहे, पण ते विषारी असतं, मुलांच्या कामात अजिबात नको.

शाडूत थोडा लगदा किंवा काथ्या मळला तर तंतूंमुळे भेगा कमी होतात. तरी ती मातीच, तिला सावलीच हवी.

लगदा म्हणजे तकलादू, हा समजही मला खटकतो. चतुर्थीच्या आधीच, भाद्रपद प्रतिपदेला बसणारा सांगली संस्थानचा चोर गणपती कागदाच्या लगद्याचाच आहे आणि ती मूर्ती विसर्जन न करता जपली जाते. तरीही चेहरा शिकायचा तर मातीतच शिकावा, असं माझं ठाम मत आहे. पापणीची कड, ओठांचा कोपरा मातीत जसा उतरतो तसा लगद्यात उतरत नाही. डोक्यावर घालून नाचायचा मुखवटा मात्र लगद्याचाच करा. मातीच्या मुखवट्यानं मान मोडेल.

रंगाची घाई दोन्हीकडे नको. लगदा टिचकी मारून पाहा, टणक आवाज यायला हवा. मातीची वस्तू गालाला लावा. गार लागली तर आत अजून पाणी आहे, ब्रश खाली ठेवा.