राजवाड्यावर प्रोजेक्शन शो करायचाय? इंदुरात परवानगी कोणाकडे आणि कशी मागायची

इमारतीच्या भिंतीवर प्रोजेक्टरने चित्रं दाखवायची, म्हणजे नुसता उजेड पडणार, खिळासुद्धा ठोकायचा नाही, मग परवानगी कशाला? बहुतेक आयोजकांचा पहिला प्रश्न हाच असतो. सरकारी कचेरीत मात्र उजेडाबद्दल फार कोणी विचारत नाही. प्रोजेक्टर कुठे उभा राहणार, वायर कुठून जाणार, माणसं कुठे थांबणार आणि कुठून बाहेर पडणार, एवढंच तिथे विचारतात. म्हणून अर्जाची तयारी व्हिडिओपासून नाही, जागेच्या नकाशापासून सुरू करा. व्हिडिओ नंतरही बदलता येतो.

आधी भिंत कोणाची ते बघा

राजवाडा, म्हणजे होळकरांचा जुना वाडा, राज्य संरक्षित स्मारक आहे. १९६४ च्या मध्य प्रदेश प्राचीन स्मारक कायद्याखाली तो राज्याच्या पुरातत्त्व, अभिलेखागार आणि संग्रहालय संचालनालयाकडे येतो. अर्ज भोपाळच्या संचालकांच्या नावे करायचा आणि इंदूरच्या पुरातत्त्व कार्यालयामार्फत पाठवायचा. लालबाग पॅलेसलाही हाच रस्ता. सगळ्यात जास्त वेळ याच कागदाला लागतो, तेव्हा किमान दोन महिने हाताशी ठेवा. बाकीच्या कचेऱ्याही तुम्हाला आधी हाच कागद मागतील.

एवढा वेळ नसेल तर भिंत बदला. १९०४ चा गांधी हॉल नगर निगमकडे आहे, त्यामुळे भोपाळची फेरी वाचते. समोर मोकळी जागा आहे आणि इमारतीचा घड्याळाचा मनोरा शोमध्ये उठूनही दिसतो. पहिल्यांदाच शो करणाऱ्या मंडळाने राजवाड्याचा हट्ट धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ग्वाल्हेरच्या मंडळींसाठी दोन ओळी. किल्ल्यावरचा मान मंदिर महाल केंद्र संरक्षित आहे, तिथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे जावं लागतं. १९५९ च्या नियमांनुसार अशा स्मारकात सभा किंवा करमणुकीचा कार्यक्रम लेखी परवानगीशिवाय होत नाही. राज्याचं पत्र तिथे चालणार नाही.

प्रोजेक्टरचा मनोरा: अर्ज अडतो तो इथे

प्रोजेक्टर ज्या तात्पुरत्या उंच सांगाड्यावर ठेवतात, तो हा मनोरा. थोडं गणित करू, कारण नकाशावर हेच आकडे लिहायचे आहेत. समजा, चित्र २० मीटर रुंद आणि १५ मीटर उंच हवंय, म्हणजे ३०० चौरस मीटर. २०,००० ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे एकूण उजेडाचं माप) एक प्रोजेक्टर या भिंतीवर जास्तीत जास्त ६६ लक्सच्या, म्हणजे दर चौरस मीटरला ६६ ल्युमेनच्या आसपास उजेड देतो. राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. काळपट लाकूड उजेड पिऊन टाकतं, त्यामुळे वरच्या मजल्यांसाठी एकावर एक असे दोन प्रोजेक्टर लावायची वेळ येते. लेन्सचं प्रमाण (भिंतीपासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी) दीड असेल तर २० मीटर रुंदीसाठी मनोरा भिंतीपासून ३० मीटर लांब हवा. राजवाड्यासमोर एवढं लांब गेलात की तुम्ही स्मारकाच्या हद्दीत राहत नाही, चौकात येता. भिंत पुरातत्त्व खात्याची आणि मनोरा नगर निगमच्या जागेवर. म्हणजे अर्ज दोन.

निगमच्या अर्जात तीन गोष्टी एकदमच मागून घ्या: मनोऱ्याला जागा, कार्यक्रमाच्या आधीच्या एका रात्री चाचणीची मुभा, आणि शोच्या वेळात चौकातले दिवे व राजवाड्याची रोषणाई बंद ठेवण्याची व्यवस्था. ही तिसरी मागणी आयोजक नेमकी विसरतात. मग लाखांचा शो हॅलोजनच्या पिवळ्या उजेडात धुऊन जातो. दिवे कोण बंद करणार, किती वाजता, परत कधी लावणार, हे अर्जातच लिहा आणि पोलिसांच्या अर्जातही तेच शब्द ठेवा. गर्दीत अंधार करायला पोलीस सहज तयार होत नाहीत. बाहेर पडायच्या वाटेवरचे दिवे चालू राहतील, असं लिहून दिलंत तर होतात.

वीज हा नाजूक विषय आहे. राजवाडा १९८४ च्या दंगलीत जळाला, मागचा भाग पुन्हा उभा करायला २००७ उजाडलं. त्यामुळे लाकडी दर्शनी भागाजवळ डिझेलचा जनरेटर ठेवू, असं लिहिलेला अर्ज परत आला तर नवल नाही. जनरेटर लांब दाखवा, केबल जमिनीवरून झाकून नेल्याचं दाखवा, अग्निशमन बंब कुठे उभा राहील तेही दाखवा. मोठा प्रोजेक्टर साधारण दीड ते अडीच किलोवॅट खातो. तात्पुरतं कनेक्शन पश्चिम क्षेत्र वीज वितरण कंपनीकडून घेता येतं. एकूण भार मात्र साउंडसकट लिहा.

पोलीस, वाहतूक आणि आवाज

डिसेंबर २०२१ पासून इंदुरात पोलीस आयुक्तालय आहे. गर्दी आणि बंदोबस्ताचा अर्ज आयुक्त कार्यालयात द्या, वाहतुकीची प्रत वाहतूक पोलिसांना वेगळी. शोची वेळ ठरवताना शेजारच्या सराफा बाजाराचा विचार करा. सोन्याची दुकानं बंद झाली की तिथे खाऊगल्ली जागी होते आणि तीच गर्दी राजवाड्याच्या चौकातून जाते. मे महिन्यात साडेसातनंतरच पुरेसा अंधार पडतो, म्हणजे सराफा भरायला लागतो तेव्हाच तुमचा शो. पंधरा-वीस मिनिटांचे दोन खेळ ठेवले तर माणसं टप्प्याटप्प्याने सरकतात. तासभराचा एकच खेळ ठेवला तर सगळे एकदम निघतात, आणि हे पोलिसांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं.

२००० च्या ध्वनी प्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सणासुदीला वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस १२ पर्यंत सूट देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. आपला दिवस त्यात आहे असं गृहीत धरू नका. सार्वजनिक ठिकाणी आवाजाची वरची मर्यादा ७५ डेसिबल, किंवा त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० जास्त, यातलं जे कमी असेल ते. डिसेंबर २०२३ पासून मध्य प्रदेशात यावर सक्त नजर आहे, म्हणून लाउडस्पीकरची परवानगी अर्जात नाव घेऊन मागा. शो पावणेदहाला संपवा.

आकाशात लेझरचे झोत सोडायचा विचार असेल तर सोडून द्या. विमानतळ शहरालगत आहे आणि विमानाला भुलवणाऱ्या दिव्यांचा कायदा कडक आहे.

भिंतीवर काय दाखवणार

संहिता अर्जासोबत जोडायची: कोणतं दृश्य किती सेकंद, निवेदनाचा मजकूर, गाणी. होळकरांचा इतिहास दाखवणार असाल तर सनावळी कोणाकडून तरी तपासून घ्या. अहिल्यादेवींचा जन्म ३१ मे १७२५, निधन १३ ऑगस्ट १७९५, आणि राजधानी महेश्वर. राजवाड्याच्या भिंतीवर चुकीचा सन झळकला तर अख्खं इंदूर वाचणार.

प्रायोजकाचं बोधचिन्ह भिंतीवर फिरवलं की ती जाहिरात होते. मग २०१७ चे आउटडोअर विज्ञापन मीडिया नियम आडवे येतात, पुरातत्त्व खात्याची नाराजी वेगळीच. प्रायोजकांची नावं मैदानातल्या फलकावर, तीही निगमला विचारून. संगीत स्वतःचं करून घेतलं तर उत्तम. तयार गाणी वापरणार असाल तर शब्द-सुरांसाठी आयपीआरएस आणि ध्वनिमुद्रणासाठी पीपीएल या संस्थांचे परवाने काढा. धार्मिक विधीला कॉपीराइट कायद्यात जी सूट आहे, तिच्या आडून शोमधलं सिनेसंगीत खपणार नाही.

अर्जदार कोण आणि कागद कोणते

१९७३ च्या सोसायटी कायद्याखाली नोंदलेली संस्था, सार्वजनिक न्यास किंवा कंपनी असेल तर सोपं जातं. उत्सव समिती नोंदलेली नसेल तर एखाद्या नोंदणीकृत संस्थेच्या लेटरहेडवर अर्ज करा. अनामत आणि जबाबदारी कोणाची, हे कचेरीला एका नावावर हवं असतं. लेटरहेड मराठीत असू द्या, अर्ज हिंदीत लिहा.

जोडायचे कागद: संस्थेचं नोंदणीपत्र आणि पॅन, कार्यकारिणीचा ठराव, सही करणाऱ्याचं ओळखपत्र, मोजमापांसह जागेचा नकाशा, मनोऱ्याच्या मजबुतीचं अभियंत्याचं प्रमाणपत्र, परवानाधारक वीज ठेकेदाराचं पत्र, संहिता, तिसऱ्या पक्षाच्या नुकसानीचा विमा, आणि स्मारकाला हात न लावण्याचं हमीपत्र. हमीपत्रात "खिळा, ड्रिल, टेप, दोरी काहीही स्मारकावर बांधणार नाही" असं शब्दशः लिहा. मोघम हमीपेक्षा त्याने काम लवकर होतं. प्रत्येक कचेरीत आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली प्रत घ्या.

क्रम असा ठेवा: आधी पुरातत्त्व आणि निगम एकाच आठवड्यात, त्यांच्या आवक प्रती जोडून पोलीस, मग वीज आणि अग्निशमन. मधे निवडणुकीची आचारसंहिता लागली तर निवडणूक कार्यालयाची आणखी एक परवानगी लागते.

अनामत परत मिळवण्यासाठी मनोरा उभारण्याआधी आणि उतरवल्यावर, दोन्ही वेळा संबंधित कर्मचाऱ्यासमोर फरशी आणि भिंतीचे फोटो काढून पंचनाम्यावर सही घ्या. परताव्याचा अर्ज सामान हलवल्याच्या दुसऱ्याच दिवशी द्या, सोबत मूळ पावती, पंचनामा आणि संस्थेच्या खात्याचा रद्द केलेला धनादेश.