आरएडीचा नकार आला? कागद गोळा करण्याआधी हे वाचा

कॅनडात आश्रयाचा दावा रेफ्युजी अपील डिव्हिजनने, म्हणजे अशा दाव्यांवरची अपिलं ऐकणाऱ्या आरएडीने, फेटाळला की फेडरल कोर्टाकडे त्या निर्णयाची तपासणी, म्हणजे ज्युडिशियल रिव्ह्यू, मागता येते. त्यासाठी निर्णय कळल्यापासून १५ दिवसांत ‘लीव्ह’चा, म्हणजे परवानगीचा, अर्ज करावा लागतो. मुदत बहुतेकांना ठाऊक असते. तरी त्यातले निम्म्याहून जास्त दिवस गावाकडून कागद मागवण्यात जातात. सरपंचांचा दाखला, शेजाऱ्याचं प्रतिज्ञापत्र, पोलीस ठाण्यातल्या तक्रारीची नक्कल, पेपरातलं कात्रण असा गठ्ठा घेऊन लोक आम्हा भाषांतरकारांकडे येतात आणि म्हणतात, “जजना दाखवायचंय, उद्यापर्यंत इंग्रजी करून द्या.”

हा गठ्ठा जज सहसा बघतच नाहीत. ज्युडिशियल रिव्ह्यू म्हणजे दाव्याची नव्याने सुनावणी नव्हे. आरएडीसमोर जे कागद होते त्यांवरून दिलेला निर्णय वाजवी आहे का आणि तुम्हाला न्याय्य संधी मिळाली का, एवढंच कोर्ट तपासतं. भारतीयांचे दावे बऱ्याचदा ‘देशातच दुसरीकडे सुरक्षित राहता येईल’ म्हणून फेटाळतात आणि निर्णयात मुंबई, दिल्ली, कोलकाता अशी नावं असतात. समजा, मागावर असलेले लोक मुंबईतही गाठतील असं तुम्ही सांगितलं होतं आणि पुरावाही दिला होता. आरएडीने त्याची दखलच घेतली नसेल, तर वकिलाला तिथे मुद्दा सापडतो. काल काढलेल्या दाखल्यात तो सापडत नाही.

उशीर झाला तर मुदतवाढ मागता येते, पण मग वेळेत अर्ज करणाऱ्याच्या कॅनडाबाहेरच्या रवानगीला जी आपोआप स्थगिती मिळू शकते, ती मिळत नाही. म्हणून पत्र आल्याबरोबर वकील गाठा. फेडरल कोर्टात इमिग्रेशन कन्सल्टंटला तुमची बाजू मांडता येत नाही. फी परवडत नसेल तर लीगल एडकडे, म्हणजे कमी उत्पन्न असलेल्यांना वकिलाची मदत देणाऱ्या सेवेकडे, चौकशी करा. आम्ही भाषांतरकार आहोत, कायदेशीर सल्ला देत नाही.

आम्ही आधी निर्णयाचं पत्र मागतो, याचा काहींना राग येतो. पण ऐन मुदतीत उपयोग नसलेल्या कामाचे पैसे घेणं आम्हाला पटत नाही. नवे कागद मात्र जपून ठेवा. रवानगीपूर्वी धोक्याची तपासणी, म्हणजे पीआरआरए, होते तेव्हा ते लागू शकतात. तो अर्ज साधारणपणे शेवटच्या नकारानंतर १२ महिने करता येत नाही, त्यामुळे ते भाषांतर सावकाश, नीट करून देऊ.

कोर्टासाठी खरं लागतं ते तुमचं अ‍ॅफिडेव्हिट. इंग्रजी कळत नसेल तर दुभाष्याने ते तुम्हाला मराठीत समजावून सांगायचं आणि तशी स्वतः शपथ घ्यायची, असा नियम आहे. आमचा माणूस वाक्य न् वाक्य वाचतो. ‘सही कुठे करू ते सांगा’ म्हणून घाई करू नका. तारीख किंवा नाव चुकलेलं असतं ते याच बैठकीत सापडतं. भाषांतरात आम्ही शिक्के, समासातल्या नोंदी, खाडाखोड सगळं घेतो. वाचता येत नाही तिथे ‘अस्पष्ट’ लिहितो. तिथे अंदाजाने शब्द भरा असं सांगू नका, कारण भाषांतर अचूक असल्याचं आम्ही शपथेवर सांगतो.

सुनावणीतल्या दुभाष्याने चुकीचं सांगितलं असं वाटत असेल, तर वकिलाला लगेच कळवा. तेव्हाच हरकत घेतली नसेल तर हा मुद्दा टिकणं अवघड असतं. वकिलाने रेकॉर्डिंग मागवलं की मूळ मराठी आणि दुभाष्याचं इंग्रजी शेजारीशेजारी उतरवून देतो.

येताना निर्णयाचं पूर्ण पत्र, ते कधी मिळालं हे दाखवणारा लिफाफा किंवा ईमेल आणि वकिलाचा नंबर आणा. कोर्टाची मुदत असलेलं काम आम्ही रविवारीही घेतो.