वंशद्वेष्ट्याची टर आणि वंशाची टर

जुन्या ब्रिटिश विनोदी मालिकांचा विषय निघाला की ठरलेले दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, असलं काही दाखवत होते हीच लाजेची गोष्ट. दुसरा म्हणतो, हल्ली लोकांना विनोदच कळेनासा झालाय. भांडणाऱ्या दोघांचं एका बाबतीत मात्र एकमत असतं: सगळ्या जुन्या मालिका त्यांना एकाच माळेचे मणी वाटतात. तशा त्या नाहीत. काही मालिका वंशद्वेष बाळगणाऱ्या माणसाची टर उडवत होत्या, आणि काही, ज्यांचा द्वेष केला जातो त्यांचीच. कानाला दोन्ही सारखंच ऐकू येतं. त्याच शिव्या, तीच उच्चारांची नक्कल, स्टुडिओत तोच हशा. घोटाळा होतो तो त्यामुळे.

पहिल्या जातीचा मानकरी आल्फ गार्नेट. जॉनी स्पेटने बीबीसीसाठी लिहिलेल्या 'टिल डेथ अस डू पार्ट' या मालिकेचा हा नायक. मालिका १९६६ साली सुरू झाली आणि मधला खंड धरून १९७५पर्यंत चालली. आल्फ लंडनच्या वॉपिंग भागातला कामगार, राणीचा भक्त, हुजूर पक्षाचा मतदार, वेस्ट हॅमचा पाठीराखा, आणि काळे, आशियाई, ज्यू, आयरिश अशा सगळ्यांच्या नावाने बोटं मोडणारा. पण प्रसंग कसे रचलेत ते बघा. आल्फ आवाज चढवून काहीतरी ठोकून देतो. डाव्या विचारांचा जावई त्याला कोंडीत पकडतो. बायको एल्स मख्ख चेहऱ्याने एकच वाक्य टाकते आणि त्याच्या भाषणातली हवा काढून घेते. मग आल्फकडे शिव्यांशिवाय काही उरत नाही. हशा पिकतो तो त्याच्या फजितीवर. ही भूमिका करणारा वॉरन मिचेल स्वतः ज्यू होता. 'बाहेरून आलेल्यांना छान झोडपता तुम्ही' असं कौतुक करायला आलेल्या प्रेक्षकाला त्याने 'आम्ही तुमच्यासारख्यांना झोडपतो' असं ऐकवल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. (नीतिरक्षक मेरी व्हाइटहाउस बाईंनी या मालिकेवर मोहीम उघडली होती, आणि त्यात त्यांचा मोठा राग होता तो 'ब्लडी' या शब्दावर. काळ कसा होता ते यावरून कळावं.)

दुसऱ्या जातीचं उदाहरण म्हणून मी 'लव्ह दाय नेबर' घेईन. व्हिन्स पॉवेल आणि हॅरी ड्रायव्हर यांनी लिहिलेली ही मालिका थेम्स टेलिव्हिजनने १९७२ ते १९७६ या काळात दाखवली. गोरा एडी बूथ आणि त्याच्या शेजारी राहायला आलेला वेस्ट इंडियन बिल रेनल्ड्स. तिचा बचाव करणारे म्हणतात, बिल हुशार आहे, हजरजबाबी आहे, शेवटी तोंडावर पडतो तो बहुधा एडीच. मग ही आल्फच्याच जातीची नाही का? वरवर पाहता मुद्दा बिनतोड आहे. पण हशा नेमका कुठे येतो तिथे कान द्या. एडीने बिलसाठी वापरलेली शिवी हाच तिथे विनोद असतो. पुढे काही घडायची गरजच पडत नाही. बिल उलट शिवी देतो आणि हिशेब फिट्टमफाट झाल्यासारखा दाखवला जातो. त्या काळच्या ब्रिटनमध्ये या दोन शिव्यांचं वजन सारखं नव्हतं. एका शिवीमागे 'खोली मिळणार नाही' म्हणणारा घरमालक होता, हुजूर पक्षाच्या इनॉक पॉवेलचं बाहेरून आलेल्यांविरुद्धचं १९६८चं भाषण होतं (लेखकाचं आडनावही पॉवेल, हा योगायोग), आणि मालिका सुरू झाली त्याच वर्षी इदी अमीनने युगांडातून हाकललेल्या गुजराती-गोवेकर कुटुंबांना येऊ द्यावं की नाही यावरचा गदारोळ होता. दुसऱ्या शिवीमागे यातलं काहीच नव्हतं.

म्हणून माझी कसोटी साधी आहे: शिवी काढून टाका आणि काय उरतं ते बघा. आल्फच्या घरात एक अडाणी, भित्रा, मोठ्या आवाजाचा बाप उरतो, आणि त्याचं घर त्याला पुरून उरतं. म्हणजे विनोद शाबूत राहतो. एडी आणि बिल यांच्यामध्ये मात्र नुसतं कुंपण उरतं.

ही कसोटी लेखकाचा हेतू विचारत नाही, आणि तेच बरं. स्पेटचंच बघा. आल्फ लिहिणाऱ्या याच माणसाने १९६९ साली लंडन वीकएंड टेलिव्हिजनसाठी 'करी अँड चिप्स' लिहिली. तीत स्पाइक मिलिगनने चेहऱ्याला तपकिरी रंग फासून अर्धा आयरिश, अर्धा पाकिस्तानी कामगार रंगवला होता. मिलिगन जन्माने आपल्या अहमदनगरचा, १९१८ सालचा. बाप ब्रिटिश लष्करात, बालपणाची काही वर्षं पुण्यात गेलेली. इथली माणसं, इथल्या लकबी त्याने जवळून पाहिल्या होत्या. हेतू पुन्हा तोच, कारखान्यातल्या लोकांचे पूर्वग्रह उघडे पाडण्याचा. पण इथे ज्याची चेष्टा होते तोच गाल रंगवलेला नट, आणि हशा थेट त्या रंगाला आणि त्या उच्चारांना. सहा भागांनंतर नियामक मंडळाने मालिका बंद करायला लावली. लेखक तोच, तळमळही तीच, पण मालिका दुसऱ्या जातीत जाऊन बसली.

आता आल्फच्या बाजूची अडचणही सांगायला हवी. अमेरिकेत नॉर्मन लिअरने आल्फवरून आर्ची बंकर घडवला आणि १९७१ साली 'ऑल इन द फॅमिली' सुरू झाली. नील विडमार आणि मिल्टन रोकीच या अभ्यासकांनी अमेरिकन आणि कॅनेडियन प्रेक्षकांची पाहणी करून १९७४ साली निष्कर्ष मांडला. ज्यांच्या मनात पूर्वग्रह जास्त, त्यांना आर्ची आवडत होता, त्याचं म्हणणं पटत होतं, वादात तोच जिंकतो असंही त्यांना वाटत होतं. उरलेले प्रेक्षक तोच प्रसंग पाहून उलटा अर्थ काढत होते. म्हणजे पहिल्या जातीचा विनोद लिहिताना बरोबर असला तरी दिवाणखान्यात पोचेपर्यंत त्याचं दुसऱ्या जातीत रूपांतर होऊ शकतं. दुसऱ्या जातीचं पहिलीत झाल्याचं उदाहरण मला आठवत नाही.

सरहद्दीवरची मालिका पाहायची तर ती देवळालीची. 'इट एन्ट हाफ हॉट मम' बीबीसीवर १९७४ ते १९८१ या काळात चालली. सुरुवातीची कथा १९४५मधल्या देवळालीच्या छावणीतल्या, सैनिकांची करमणूक करणाऱ्या पथकाची. लेखकांपैकी जिमी पेरी स्वतः तिथे होता. यात गोरे अधिकारी मठ्ठ आहेत, सार्जंट मेजर नुसता गरजणारा आहे. साम्राज्याची टर पुरेपूर उडते. पण 'आम्ही ब्रिटिश' म्हणत मिरवणारा बेअरर (साहेबांचा नोकर) रंगी राम साकारला गोऱ्या मायकेल बेट्सने, पुन्हा चेहरा रंगवून. बेट्स झाशीत जन्मलेला, हिंदुस्थानी बोलणारा, हे त्याच्या बाजूने सांगितलं जातं. मला ते पुरेसं वाटत नाही. त्याच मालिकेत चहावाल्याच्या भूमिकेत डिनो शफीक होता, ढाक्याचा. म्हणजे उपखंडातला नट चहा द्यायला चालत होता, मोठी भूमिका करायला नाही.

शफीक पुढे 'माइंड युवर लँग्वेज'मध्ये अली नदीम झाला. व्हिन्स पॉवेलचीच ही मालिका, १९७७ अखेरीस सुरू झालेली. इंग्रजीच्या वर्गात शीख, पाकिस्तानी, इटालियन, जपानी, चिनी, प्रत्येकाला एकेक लकब चिकटवलेली. चॅनलचेच अधिकारी मायकेल ग्रेड यांनी ती आक्षेपार्ह म्हणून बंद केली. भारतात मात्र तिचे चाहते अमाप, आणि १९९३ साली दूरदर्शनच्या मेट्रो वाहिनीवर तिची देशी आवृत्ती आली, 'ज़बान संभाल के'. पंकज कपूर हिंदीचे मास्तर, आणि वर्गात विजू खोटेंचा विठ्ठल बापूराव पोटे. विनोदाचा साचा तोच, तरी मराठी घरांत पोटेवर कुणी चिडल्याचं मी पाहिलं नाही. खोटे आपले, पोटेही आपला, आणि तो उच्चार ऐकून बाहेर रस्त्यावर कुणी मराठी माणसाला अडवणार नव्हतं. ब्रिटनमध्ये मात्र मूळ मालिका सुरू व्हायच्या आदल्याच वर्षी लंडनमधल्या आशियाई वस्तीच्या साउथॉलमध्ये गुरदीप सिंग चग्गर या शीख तरुणाचा खून झाला होता.

ब्रिटनमधलं खरं स्थित्यंतर १९९८ साली दिसलं, 'गुडनेस ग्रेशस मी' टीव्हीवर आली तेव्हा. लिहिणारे आणि नट आता ब्रिटनमधलेच भारतीय वंशाचे लोक होते, मीरा स्याल, संजीव भास्कर आणि मंडळी. त्यातल्या सर्वांत गाजलेल्या प्रसंगात भारतीय टोळकं दारू पिऊन 'इंग्लिश खायला' जातं, वेटरच्या नावाची वाट लावतं आणि सगळ्यांत बेचव काय आहे ते मागवतं. अपमान होतो इंग्रज वेटरचा, टर उडते शुक्रवारी रात्री करी हाउसमध्ये, म्हणजे तिथल्या भारतीय जेवणाच्या हॉटेलात, धिंगाणा घालणाऱ्या इंग्रज गिऱ्हाइकाची.

पोटेला हसणाऱ्या आपल्याला हिंदी मालिकांतली कामवाली बाई नेहमी मराठीच का, हे मात्र खटकतं, आणि खटकायलाच हवं. तिचा उच्चार काढून घेतला तर त्या प्रसंगात काही उरत नाही. आपल्या एकांकिकांमधला दूधवाला भय्या आणि लुंगीतला अण्णाही याच कसोटीला बसवून पाहा, तेही टिकत नाहीत.