बेखमीर भाकरी आणि आंबोळीचा प्रश्न

वल्हांडण हा ज्यूंचा सण, त्यात खमीर वर्ज्य. तो जवळ आला की आरोग्याच्या पोस्टींमध्ये हल्ली मात्झाही, म्हणजे या सणातली बेखमीर भाकरीही, डोकावते. "यीस्ट नाही, तेल नाही, म्हणून ग्लुटेनमुक्त आणि पचायला हलका!" यातलं यीस्टचं आणि तेलाचं खरं, बाकी भंपक. सेडरला, म्हणजे सणाच्या सुरुवातीच्या रात्रीच्या विधिवत जेवणात, खायचा मात्झा गहू, जव, राय, ओट किंवा स्पेल्ट (हा गव्हाचाच जुना भाऊबंद) यांपैकीच एखाद्याचा लागतो आणि बाजारात मिळणारा बहुतेक गव्हाचा असतो. म्हणजे ग्लुटेन आलंच. सीलिअॅक (ग्लुटेन न सोसणारा आतड्याचा आजार) असणाऱ्यांसाठी गव्हाची भेसळ टाळून ओटचा मात्झा मुद्दाम वेगळा करतात, तो उगाच नाही.

'हलका' हेही तपासून बघण्यासारखं आहे. गव्हात फ्रुक्टॅन नावाची कर्बोदकं असतात. ती आपल्याला पचत नाहीत. मोठ्या आतड्यातले जीवाणू त्यांच्यावर ताव मारतात आणि काहींची पोटं फुगतात. पीठ निवांत आंबवलं की यातली बरीच फ्रुक्टॅन आधीच संपतात. मात्झाला ती संधीच मिळत नाही, कारण पिठाला पाणी लागल्यापासून १८ मिनिटांच्या आत तो भाजून निघावा लागतो. शिवाय तो कोरडा, आणि मैद्याचा असला तर तंतूही जेमतेम. आठवडाभर तिन्ही त्रिकाळ तेच खाल्लं तर बद्धकोष्ठ व्हायला वेगळं कारण शोधायला नको.

पण मला खरा रस आहे तो एका जुन्या विधानात. तालमूद हा ज्यूंचा प्राचीन धर्मशास्त्रग्रंथ म्हणतो की खमीर चढतं ते या पाच धान्यांनाच. तांदूळ भिजवून ठेवला तर तो फुगत नाही, सडतो. हे वाचून कुठलाही मालवणी माणूस विचारेल, मग आमची आंबोळी कशी फुगते?

आधी गहू बघू. दाणा भरत असतानाच गहू, जव आणि राय आपल्या पिठूळ भागात बीटा-अमायलेज नावाचं विकर (एन्झाइम) साठवून ठेवतात. दळताना स्टार्चचे काही कण चिरडतात. पाणी मिळालं की हे विकर त्या उघड्या पडलेल्या स्टार्चच्या साखळ्यांना टोकाकडून भिडतं आणि दर वेळी दोन ग्लुकोज जोडून असलेला एक तुकडा कापतं. हा तुकडा म्हणजे माल्टोज, यीस्टचं आवडतं खाद्य. ते खाऊन यीस्ट कार्बन डायऑक्साइड सोडतं. तांदळाच्या कोरड्या दाण्यात हे विकर जवळजवळ नसतंच, ते मोड येताना तयार होतं. म्हणजे भिजवलेल्या गव्हाच्या पिठात यीस्टचं ताट वाढलेलं असतं आणि तांदळाच्या पिठात बाकीचे जंतू आधी हात मारून जातात.

नुसता वायू तयार होऊन भागत नाही, तो धरून ठेवणारं काही हवं. मैद्याचा घट्ट मळलेला गोळा अर्धा तास मुरवून नळाखाली चोळत राहा. पांढरं पाणी वाहून जातं आणि हातात चिवट, ताणला जाणारा भुरकट लगदा उरतो. ते ग्लुटेन. ग्लायाडिन आणि ग्लुटेनिन ही दोन प्रथिनं ओली होऊन एकमेकांत गुंतली की हे जाळं बनतं आणि बुडबुडे त्यात अडकतात. तांदळाच्या पिठाचा गोळा असाच धुतला तर सगळाच मोरीत जाईल. तांदळाच्या भाकरीला उकड काढावी लागते ती याचमुळे. प्रथिनं धरत नाहीत, म्हणून शिजलेल्या स्टार्चचा चिकटपणा कामाला लावायचा.

आंबोळीत हे काम उडीद करतो. रात्रभरात ल्यूकोनोस्टॉकसारखे जीवाणू वायू सोडतात आणि उडदातली प्रथिनं व बुळबुळीत कर्बोदकं तो धरून ठेवतात. तालमूद नुसत्या तांदळाविषयी बोलतो आणि त्याचं निरीक्षण चोख आहे. मात्र लगेच "बघा, त्यांना विकरं ठाऊक होती" असं कुणी म्हणू नये. ओटमध्ये गव्हासारखं ग्लुटेन नाही, त्याचा पाव धड फुगत नाही, तरी तो यादीत आहे. १८ मिनिटांचंही तसंच. पिठातलं रानटी यीस्ट इतकं थोडं असतं की डोळ्यांना दिसेल असं फुगायला कित्येक तास जातात. १८ मिनिटं हा एक ठरावीक पल्ला चालायला लागणारा वेळ म्हणून ठरलेला आकडा आहे. मला जास्त कौतुक वाटतं ते मात्झासाठी पाणी रात्रभर ठेवून गार करण्याच्या रीतीचं. थंडाव्यात यीस्ट आणि विकरं दोन्ही सुस्तावतात.

युरोपातल्या आश्केनाझी ज्यूंनी पुढे तांदूळ आणि डाळीसुद्धा या सणात वर्ज्य केल्या. त्यांच्यातल्या कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या धर्मशास्त्र समितीने २०१५ साली त्या खायला मुभा दिली. इराकी घरांत तांदूळ तीनदा निवडतात, चुकून गव्हाचा दाणा राहू नये म्हणून. आपल्या रायगडातल्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यूंच्या, घरांना भात कधीच सोडावा लागला नाही. हा सण त्यांच्यात पूर्वी 'अनाशी ढाकाचा सण' म्हणून ओळखला जाई. आंबट कालवणाचं भांडं तेवढ्या दिवसांपुरतं झाकून ठेवायचं. आंबवणं थांबवण्याची ही अगदी कोकणी तऱ्हा.

बरं खायचं असेल तर पहिली गोष्ट अशी की, बहुतेक धर्मशास्त्रींच्या मते मात्झा सक्तीचा आहे तो सेडरपुरता. बाकीचे दिवस बटाटे, अंडी, मासे, भरपूर भाज्या आणि खजूर यांवर मजेत निघतात. दुसरी गोष्ट जास्त चविष्ट आहे. एकदा भाजून निघालेल्या पिठाला खमीर चढत नाही. यीस्ट मेलेलं असतं, विकरं निकामी झालेली असतात, ग्लुटेन घट्ट बसलेलं असतं. म्हणून मात्झा कुटून त्याचा चुरा बिनधास्त ओला करता येतो. त्यात अंडी आणि चरबी घालून केलेले गोळे, क्नेडलाख, कोंबडीच्या सुपात शिजवतात. मात्झात पाणी कमी आणि भाजणं झटपट, त्यामुळे त्यातला बराचसा स्टार्च अर्धवटच फुललेला असतो. मिश्रण अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवलं की चुरा पाणी ओढतो. मग झाकण ठेवून मंद उकळीत तोच स्टार्च पुरता फुलतो, अंड्यातली प्रथिनं गोठून गोळ्याला धरतात आणि गोळा चांगला टम्म होतो. पांढरं आधी फेटून घातलं तर आणखी हलका. सणातला स्पंज केकही याच फेसावर आणि बटाट्याच्या स्टार्चवर उभा राहतो.

काही हासिदी (ज्यूंमधला एक कर्मठ पंथ) घरं मात्र ओला मात्झा टाळतात, न जाणो आत कोरडं कच्चं पीठ राहिलं असेल तर, म्हणून. इस्रायलबाहेर सण आठ दिवसांचा असतो आणि आठव्या दिवशी ओल्या मात्झाचं हे बंधन सैल होतं. त्या दिवशी त्यांच्याकडेही क्नेडलाखचं पातेलं चढतं.